सोमवारच्या रिकाम्या दोऱ्या

सोमवार असूनही गल्लीतल्या एकाही दोरीवर कपडा नव्हता.

आरमाराच्या गस्तीवरचा ईलाय लस्कम चढण चढून आला तो धापा टाकतच. इंग्लंडातल्या डेव्हनपोर्ट बंदराची टेकडी म्हणजे म्हाताऱ्या गुडघ्यांची दुश्मन. हेस्टर टोझर दारातल्या पायरीवर हातावर हात ठेवून बसली होती. तिची सून लेटी आत बटाटे सोलत होती. चुलीवरचा धुण्याचा हंडा थंडगार पडला होता.

"आज धुणं नाही का कुणाकडे?" लस्कमनं विचारलं.

"आधी तुझ्या मॉडची दोरी बघून ये, ईलाय."

ती त्यानं बघितलीच होती. म्हणून तर तो जास्त चिडला होता.

"घरचीच ऐकत नाही, तर बाहेरच्यांना काय सांगू? पण हेस्टर, जरा डोकं चालव. जहाज दुपारच्या भरतीला निघणार, हे जहाजावरच्या पोरांनासुद्धा आज पहाटे कळलं. आणि तुम्ही बायकांनी दवंडी पिटून ठेवलीत. दर सोमवारी पलीकडच्या काठावरून ही टेकडी पांढरीशुभ्र दिसते. आज सोललेल्या कोंबडीसारखी उघडी आहे. तिकडे एखादा हेर बसला असेल तर त्याला नुसती मान वर करायची. बाहेर जर्मन पाणबुड्या वाटच बघतायत."

हेस्टरचा मुलगा, लेटीचा नवरा विल्फ त्याच जहाजावर होता. गल्लीतल्या निम्म्या घरांतले पुरुष त्याच युद्धनौकेवर होते. आणि माणूस समुद्रावर निघाला त्या दिवशी घरात धुणं काढायचं नाही, हे इथे पाळण्यातल्या पोरीलाही ठाऊक. काढलं, तर त्या पाण्याबरोबर त्यालाही वाहवून दिलं म्हणून समजायचं. लेटी मात्र आतल्या मुलखातली, मेंढरांच्या गावची. तिला हे सगळं खूळ वाटायचं.

"धुतलं तर पोरगा जाणार, नाही धुतलं तर सगळं जहाजच जाणार," हेस्टर म्हणाली. "फार सोपं करून दिलंस बाबा."

लेटी सुरी हातात घेऊनच बाहेर आली. "मग धुऊ नका ना. नुसतं वाळत घाला. कपाटातले कोरडे कपडे काढा आणि टांगा."

हेस्टर पायरीवरून उठली आणि कपाटाकडे गेली.

मग काय विचारता! कुणी बिछान्यावरच्या चादरी ओढून आणल्या, कुणी रविवारचा टेबलावरचा कपडा. मॉड लस्कमनं तर खिडकीचे पडदे उतरवले. युद्ध लागल्यापासून गल्लीत इतकं हसणं झालं नव्हतं. लस्कमनं या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या बघितल्या आणि त्याचं तोंड उतरलं.

"नुसते परकर आणि चादरी? ही काय विधवांची गल्ली आहे? पुरुषांचं काहीतरी घाला." बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली.

हसणं थांबलं. लेटीनं विल्फचा निळ्या रेघांचा शर्ट आणला. हेस्टरनं तो तिच्या हातून काढून घेतला, थोडा वेळ उराशी धरला आणि स्वतःच्या हातानं दोरीवर घालून चिमटे लावले.

खाली करडं जहाज गोदीतून सुटलं. निघालेल्या जहाजाकडे बायकांनी दिसेनासं होईपर्यंत बघायचं नसतं, म्हणून हेस्टर पाठ फिरवून शर्टाकडेच बघत उभी राहिली.

तेवढ्यात भुरभुर सुरू झाली. पहिल्या थेंबाबरोबर बायका सवयीनं दोऱ्यांकडे धावल्या.

"हात लावू नका," लस्कम दबक्या आवाजात म्हणाला. "एवढ्याशा भुरभुरीला ओलं धुणं कोण काढतं? आत्ता काढलंत तर आंधळ्यालाही कळेल की कपडे कोरडे होते. जहाज वळणापलीकडे जाऊ दे."

बायका जागच्या जागी थांबल्या. शर्टाचे खांदे आधी काळपट झाले, मग पाठ.

"गेलं का रे?" हेस्टरनं न वळता विचारलं.

"अजून नाही. खाडीच्या चिंचोळ्या भागात आहे."

"ईलाय, तो भिजतोय."

"माझाही भिजतोय, हेस्टर." त्यानं आपल्या दारातल्या दोरीकडे बोट केलं. तिथे पडद्यांच्या शेजारी त्याच जहाजावर असलेल्या त्यांच्या थोरल्या मुलाची बंडी होती.

शर्टाच्या बाहीच्या टोकाला पाणी जमू लागलं. ते जमिनीवर पडून वाहून जाऊ नये म्हणून हेस्टर ओंजळ धरून पुढे झाली. लेटी आत पळाली, बटाट्यांचं पातेलं रिकामं करून घेऊन आली आणि गुडघ्यांवर बसून तिनं ते बाहीखाली धरलं.

"एक थेंब खाली पडला गं," हेस्टर म्हणाली.

"तो पावसाचा होता, आई."

थेंब पातेल्यात पडत राहिले. लेटीचा दंड भरून आला, केस कपाळाला चिकटले, पण तिनं पातेलं हलू दिलं नाही. शेवटी लस्कमनं टोपी काढून तोंड पुसलं. "वळलं," तो म्हणाला. "काढा आता."

हेस्टरनं शर्ट काढला आणि सवयीनं पिळायला घेतला.

"पिळू नका," लेटी म्हणाली.

तिनं तो स्वयंपाकघरात चुलीजवळ टांगला आणि खाली तेच पातेलं ठेवलं. संध्याकाळपर्यंत शर्ट सुकला. पातेल्यात दोन बोटं पाणी होतं, थोडं गढूळ, बटाट्याची एक साल तरंगत असलेलं. हेस्टर त्याच्याकडे बघत उभी होती. मोरी दोन पावलांवर होती.

लेटीनं पातेल्यावर बशी झाकली आणि ते फळीवर, विल्फच्या कपाशेजारी नेऊन ठेवलं.

"राहू दे," ती म्हणाली. "तो आला की त्याचा तो ओतेल."