निळं टोपण

"आधी या आजोबांना घ्या, मॅडम. मी काय, इथलीच आहे," असं म्हणत सिस्टरने आजोबांना जवळजवळ ढकलूनच खुर्चीवर बसवलं.

सकाळपासून तिचं हेच चाललं होतं. डोळे तपासणारी गाडी सहा महिन्यांतून एकदा या दवाखान्याच्या दारात उभी राहायची. डोळ्यांचं हॉस्पिटल बसने पाच तासांवर. गाडीतून येणारी बाई ऑप्टोमेट्रिस्ट होती, पण एवढा जड शब्द कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे तिला चष्मेवाली म्हणत. रांग लावायची, आरडाओरडा करायचा, मध्ये घुसणाऱ्यांना मागे हाकलायचं, हे काम सिस्टरचं. गाडीची ही चौथी खेप. सिस्टर स्वतः त्या खुर्चीवर एकदाही बसली नव्हती.

बसणार कशी? दोन वर्षांपासून तिला जवळचं वाचता येत नव्हतं. लांबचं लख्ख दिसायचं. फाटकातून कोण येतंय हे ती खिडकीतून सांगायची, त्यामुळे कोणाला संशय आला नाही. पण औषधाच्या बाटलीवरची अक्षरं म्हणजे नुसती मुंग्यांची रांग. तिच्या आधीच्या सिस्टरचीही नजर अशीच अधू झाली होती. दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांना कळलं, आणि आठवड्याच्या आत तिच्या हातातली सुई जाऊन चादरींच्या घड्या आल्या. म्हणून सिस्टर त्या खुर्चीपासून लांबच राहायची.

मग तिने शक्कल लढवली. बाटली सरळ बाळाच्या आईपुढे धरायची. "वाच गं. नाव वाच, तारीख वाच. बाळ तुझं आहे, तूच खात्री करून घे." आया खूश. साहेब तर इतके खूश, की 'जागरूक माता' या उपक्रमासाठी सिस्टरला प्रशस्तिपत्रक मिळालं. ते समोरच्या भिंतीवर लावलं होतं, म्हणून तिला वाचता तरी यायचं.

आज मात्र तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. औषधांच्या नव्या खोक्यांत बाळांची लस आणि मोठ्यांचं इंजेक्शन, दोन्हींची टोपणं निळी आली होती. बाटल्यांचा आकारही तोच. खोक्यांवरची मोठी अक्षरं लांबून वाचून तिने बर्फाच्या पेटीत बाळांची डावीकडे आणि मोठ्यांची उजवीकडे ठेवली. सकाळपासून अकरा बाळांना टोचून झालं. अकरा आयांनी एकच नाव आणि एकच तारीख मोठ्याने वाचली. मग हात कापून घेतलेला एक सुतार आला. त्याने उजवीकडची बाटली वाचली, दंड पुढे केला, सुई टोचून घेतली. तेवढ्यात बाहेर रांगेत भांडण लागलं. सिस्टर बाटली पेटीत टाकून धावली.

चार वाजले. चष्मेवाली सामान आवरायला लागली. सुटले एकदाची सहा महिन्यांसाठी, सिस्टरला वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली. एवढ्यात बाकावरून बाराव्या बाळाची आई उठली. बाळ झोपलंय म्हणून तिने सकाळपासून सगळ्यांना पुढे जाऊ दिलं होतं.

सिस्टरने पेटीत डावीकडे हात घातला. बाटली काढली. सवयीने हात लांब केला, मान मागे घेतली, डोळे बारीक केले. काही उपयोग नाही. बाटली आईपुढे गेली.

"वाच गं."

आईने बाटलीकडे बघितलं आणि नाव, तारीख घडाघडा म्हटली. सिस्टरने औषध भरून घेतलं आणि बाळाची मांडी धरली.

"थांबा, सिस्टर."

चष्मेवाली दारात उभी होती. असे लांब झालेले हात ती रोज शंभर बघत होती. तिने पिशवीतून एक चष्मा काढला. "आधी हा घाला. सुई मग."

"मॅडम, साहेबांना कळलं तर..." सिस्टर पुटपुटली.

"चाळिशी आहे ही, आजार नाही. दहा मिनिटांचं काम. आणि साहेबांचं काय घेऊन बसलात? त्यांचाही नंबर मीच काढलाय."

सिस्टरने चष्मा चढवला. मुंग्या जागच्या जागी थांबल्या. त्यांची अक्षरं झाली. तिने ती वाचली, पुन्हा एकदा वाचली. बाटली मोठ्यांची होती.

भरलेली सुई तिने कचऱ्याच्या डब्यात टाकली. दुसरी बाटली काढली. नाव वाचलं, तारीख वाचली, एकेका अक्षरावर बोट ठेवून. मग नवी सुई भरून बाळाला टोचली. बाळाने भोकाड पसरलं. त्या रडण्याने सिस्टरला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

"तू मघाशी काय वाचलंस गं?" तिला ओरडायचं होतं, पण आवाज खालीच राहिला.

आईने बाळाला छातीशी धरलं. "मला कुठे वाचता येतं, सिस्टर? सकाळपासून बाकावर बसून ऐकत होते. सगळ्या जणी म्हणत होत्या तेच म्हटलं. तुम्ही आधी वाचूनच पुढे करता ना?"

दोन वर्षांतल्या सगळ्या आया सिस्टरच्या डोळ्यांपुढून गेल्या. तिने समोरच्या भिंतीकडे बघितलं. जवळच्या चष्म्यातून ते प्रशस्तिपत्रक अगदी धूसर दिसत होतं.

"आजपासून," ती म्हणाली.