शुक्रवारचं कुंकू

मिक्सर कोणी न्यायचा, यावरून पहिला वाद झाला.

शारजातल्या अल मजाज भागातल्या त्या फ्लॅटमध्ये चौघी जणी सोफ्यावर दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि सुलक्षणा त्यांच्यासाठी चहा गाळत होती. वर्षभर दर महिन्याला प्रत्येकीनं तिच्या हातात पन्नास दिरहॅम ठेवले होते. दुबईतल्या अल कुसैस भागातल्या एका सुपरमार्केटची ती ख्रिसमस स्कीम. डिसेंबरच्या सुट्टीत गावी न्यायला बदाम, चॉकलेटं, अत्तरं, दुधाची पावडर असं भरलेलं खोकं मिळायचं. पैसे गोळा करून भरणाऱ्या सुलक्षणाला एक खोकं फुकट. या मंगळवारी सुपरमार्केटचं शटर उघडलंच नाही. मालक देश सोडून पळाला होता.

"त्याला आम्ही ओळखत नाही. पैसे तुझ्या हातात दिलेत," शर्वाणी म्हणाली. "सहाशे दिरहॅम. म्हणजे चौदा हजार रुपये होतात गं!"

"माझेही बुडालेत. पण देते सगळ्यांचे, थोडे थोडे. इन्शाल्ला, मार्चपर्यंत..."

"इन्शाल्ला नको. आज काय देतेस ते बोल."

सुलक्षणाचा नवरा भानुदास गाडी नीट लावून येतो म्हणून खाली गेला होता, त्याला तास झाला. शारजात पार्किंग मिळत नाही हे खरं, पण इतकंही नाही.

शर्वाणीची नजर टीव्हीवर गेली. तिथे विमानाचं तिकीट होतं, त्याखाली पासपोर्ट.

"तिकिटाला बरे पैसे निघाले!"

"भावानं पाठवलंय. बाबांना अटॅक आलाय, मिरजेला आयसीयूत आहेत. डॉक्टर म्हणाले, लवकर या. सकाळची फ्लाइट आहे."

सुलक्षणाला वाटलं, आता तरी सगळ्या उठतील. पण अस्मितानं चहाचा शेवटचा घोट घेतला आणि मिक्सरचं भांडं उघडून आतलं पातं फिरवून पाहिलं.

पैशांच्या बदल्यात मिक्सर अस्मिताकडेच गेला. शर्वाणीनं मग कोपऱ्यातला छोटा कीबोर्ड उचलला. आतून सुलक्षणाची लेक अंतरा धावत आली. "आंटी, दॅट्स माय बर्थडे गिफ्ट!"

"आय नो, बेटा. मीच दिलेला ना?" शर्वाणीनं तिचा गालगुच्चा घेतला आणि वायर गुंडाळायला लागली.

शहनाझला लाज वाटत होती, ते दिसत होतं. खाली मान घालून ती म्हणाली, "मला कपबश्या चालतील. धुऊन दे, ओल्या नको." सुलक्षणानं त्यांचे उष्टे कप धुतले, पुसले, वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. इतका अपमान तिचा आयुष्यात झाला नव्हता आणि तरी तिच्या तोंडून "परत या हं" निघून गेलं.

वरच्या मजल्यावरची अनुपमा तेवढी मागे थांबली. तिनं जमिनीवरचे कागदाचे कपटे गोळा केले, अंतराचे डोळे पुसून तिला आत धाडलं. सुलक्षणाला रडू फुटलं, तसा तिनं पाठीवरून हात फिरवला.

"काय बायका तरी! मला काही नको बाई तुझ्या घरातलं. भांडीकुंडी नेऊन काय करू?"

"अनु, तू होतीस म्हणून..."

"फक्त पासपोर्ट ठेवते माझ्याकडे. पैसे दिलेस की लगेच परत. भानुदासभाऊजींच्या कंपनीत नाही का सगळ्यांचे ठेवून घेत? तसंच."

सुलक्षणाला आधी नीट कळलंच नाही. "अगं, पण सकाळी फ्लाइट आहे."

"म्हणूनच," अनुपमा मायेनं म्हणाली. "गेलीस नि परत आलीच नाहीस, तर मी कुणाला धरू?"

टीव्हीवरचा पासपोर्ट तिनं पर्समध्ये टाकला, तिकीट जागच्या जागी नीट ठेवलं. दारात चपला घालताना ती थबकली.

"कुंकू लाव गं. शुक्रवार आहे."

सुलक्षणानं करंडा आणला. कुंकवात बुडवलेलं बोट तिनं पुढे केलं, तसं अनुपमानं तिचं मनगट धरून आपल्या कपाळावर नीट मधोमध कुंकू लावून घेतलं. मग रीतीप्रमाणे तिनं सुलक्षणालाही लावलं.

"येते," ती म्हणाली. "फोन लागला की बाबांना माझा नमस्कार सांग."