पलंगाखालची जागा

केकचा खोका कुलूपवाल्याने दोन्ही हातांनी पलंगाखाली ढकलला.

"बाबा, सांभाळून. केक आहे तो, तिजोरी नाही," मुलगी म्हणाली.

खोका चांगलाच मोठा होता. पण पलंगाखाली वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली मोठी बॅग नेमकी आज तिथे नव्हती. चेन दुरुस्तीला टाकते म्हणून बायकोने ती परवाच नेली होती. खोका त्या जागेत अगदी मापाने बसला. आज सगळं कसं जुळून येतंय, असं कुलूपवाल्याला वाटलं आणि तो स्वतःशीच हसला.

बायको आज पन्नाशीची झाली होती. लग्न झाल्यापासून ती एका बेकरीत केकवर क्रीमने लोकांची नावं काढायची. अक्षर असं की गिऱ्हाईक सुरी लावायला कचरायचं. तिच्या नावाचा केक मात्र आजवर कुणी आणला नव्हता. कुलूपवाला दरवर्षी तिचा वाढदिवस विसरायचा आणि पुढे कधीतरी आठवला की म्हणायचा, "आपण काय आता लहान आहोत का?" त्यावर ती हसायची. निदान सुरुवातीची काही वर्षं तरी हसायची.

यंदा मुलीने त्याला दुकानात येऊन गाठलं होतं. "या वेळी आईला असं चकित करायचं की बघत राहील. फक्त तिला संशय येता कामा नये. बेकरीत कुणालाही सांगायचं नाही, तिथे कुणाच्या पोटात काही राहत नाही. आणि तुम्ही नेहमीसारखेच वागा. उलट थोडे जास्तच."

हे काम त्याला मुळीच जड गेलं नाही. आठवडाभर तो उशिरा घरी आला. जेवताना फोनमध्ये केकची चित्रं बघत बसला. बायकोने सांगितलं, मालकीण परगावी दुसरी बेकरी काढतेय, भरवशाचं माणूस शोधतेय, राहायला खोलीसुद्धा देणार आहे.

"मिळेल कुणीतरी," तो म्हणाला.

काल म्हणाली, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू गेला. ना कुणाशी भांडण, ना तंटा. मालकाची किल्ली दाराखालून आत सरकवली आणि गेला.

"हं," तो म्हणाला. त्याच्या डोक्यात मेणबत्त्या होत्या.

आज सकाळी तर त्याने कळसच केला. बायको चपला घालून दारात उभी होती.

"अहो, आज काही विशेष आहे का?"

"विशेष कसलं?"

"काही नाही. सहज विचारलं." तिने पर्स खांद्याला अडकवली. "संध्याकाळी तुम्हाला उशीरच होईल ना?"

"होईल. वाट बघू नकोस."

"नाही बघत," ती म्हणाली.

आपण नाटकात जायला हवं होतं, असं त्याला तेव्हा वाटून गेलं.

आता खोलीत चौघं जण होते. तो, मुलगी, शेजारीण आणि बायकोचा थोरला भाऊ. शेजारणीने फुगे फुगवून फुगवून गाल लाल करून घेतले होते. मुलगी खुर्चीवर चढून भिंतीला कागदी पताका चिकटवत होती.

"मी तर आठवडाभर आईचा फोनच उचलला नाही," ती म्हणाली. "रोज करत होती बिचारी. पण उचलला असता तर माझ्या तोंडून गेलंच असतं."

"मलाही आला होता," मेहुणा म्हणाला. "दादा, जरा बोलायचं होतं, म्हणाली. मी म्हटलं, मीटिंगमध्ये आहे."

"तुम्ही तर कधीचे रिटायर झालात," शेजारीण म्हणाली.

"तेच तर. तरी तिने खरं मानलं." सगळे पोट धरून हसले.

कुलूपवालाही हसला. त्याचं लक्ष मात्र दाराकडे होतं. केकच्या दुकानात त्याला विचारलं होतं, नाव काय घालायचं? तो क्षणभर अडखळलाच. इतकी वर्षं 'अगं'वरच भागलं होतं. मग त्याने तिचं नाव मोठ्याने उच्चारलं. आपल्याच तोंडून ते ऐकून त्याला इतकं बरं वाटलं, की त्याने उगाचच पुन्हा एकदा सांगितलं. आज दिवा लागला की तो सगळ्यांदेखत तिला नावाने हाक मारणार होता. आतापर्यंतचं सगळं त्या एका हाकेत भरून काढायचं होतं.

केक टेबलावर आला. मुलीने खिडक्या लावून पडदे ओढले, दिवा मालवला आणि बटणावर बोट ठेवून उभी राहिली. अंधारात दाराखालून जिन्यातल्या उजेडाची एक पट्टी तेवढी दिसत होती.

मग जिन्यावर घंटी किणकिणली.

ती घंटी त्यानेच तिच्या किल्लीला अडकवून दिली होती, पर्समध्ये हरवू नये म्हणून. किल्लीही त्यानेच कानशीने घासून बनवलेली, संसार मांडला तेव्हाची. ती कुलपात फिरल्याचा आवाज तो झोपेतही ओळखायचा.

"आली," तो पुटपुटला आणि पुढे होऊन अगदी दारापाशी उभा राहिला. तिचं नाव ओठांवर आलं होतं.

पावलं वर आली. दारासमोर थांबली. उजेडाच्या पट्टीत दोन पायांच्या सावल्या पडल्या.

"लावू दिवा?" मुलीने हळूच विचारलं.

"थांब. किल्ली फिरू दे."

सगळ्यांनी श्वास रोखले. कुलूप वाजलं नाही. पलीकडे ती बराच वेळ उभी होती. मग घंटी वाजली, पण खाली, फरशीजवळ, आणि दाराखालच्या फटीतून किल्ली आत सरकत त्याच्या पायाला येऊन टेकली.