धडधाकट माणसाचं चित्र

“आजी, आज वार कोणता?” डॉक्टरांनी विचारलं.

आजींनी शेजारी बसलेल्या आजोबांकडे पाहिलं.

“गुरुवार,” आजोबा म्हणाले. “अगं, सांग ना.”

“गुरुवार,” आजी म्हणाल्या.

“आजोबा, उत्तर त्यांना देऊ द्या.” डॉक्टर वयाने त्यांच्या लेकीएवढ्या होत्या, पण आवाजात जराही घाई नव्हती. “सकाळी चहा कुणी केला, आजी?”

“मी,” पुन्हा आजोबाच बोलले. “हल्ली हिच्या हाती गॅस देत नाही. परवा पातेल्याचा पार कोळसा झाला. घराच्या किल्ल्या साखरेच्या डब्यात निघाल्या.”

“माझंच चुकलं,” आजी पुटपुटल्या.

आजोबांची सारी नोकरी टेलिफोनच्या तारा जोडण्यात गेली होती. गल्लीत एखाद्याच घरी तबकडीचा काळा फोन असायचा, त्या काळातली गोष्ट. वादळ झालं की ते खांबावर चढत, आणि खाली बायामाणसं माना वर करून उभी राहत. लाइन जोडली की पहिला फोन लावायचा मान त्यांचा. तो ते एक्सचेंजमध्ये लावत, कारण तिथे कानाला यंत्र अडकवून एक मुलगी बसलेली असे. “ऐकू येतंय का?” एवढ्या एका प्रश्नावर आईबाबांचं लग्न जमलं, असं लेक अजून चिडवायची.

तीच लेक आता फोनवर म्हणाली होती, “बाबा, आजार निघालाच तर आईला मी माझ्याकडे नेणार. तुम्हाला एकट्याला झेपायचं नाही.” त्या दिवसापासून आजोबांच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता.

“हा आजार एका रात्रीत येत नाही,” डॉक्टर सांगत होत्या. “माणूस विसरायला लागतो त्याच्या कितीतरी आधी मेंदूतल्या जोडण्या बदलू लागतात. बऱ्याचदा काही भाग आधी गरजेपेक्षा जास्त बोलतात. मग हळूहळू गप्प होतात.”

“कळलं,” आजोबा खुर्चीत पुढे सरकले. “केबल कुजली की आम्ही कॉल दुसऱ्या वाटेने फिरवायचो. गिऱ्हाइकाला पत्ता लागत नसे. पण ती दुसरी लाइन बिचारी दुप्पट राबायची.”

“अगदी तसंच.”

“आणि एक दिवस तीही बसली, की सगळं गाव बंद.” त्यांनी आजींच्या हातावर हात ठेवला. “हिचं गाव बंद पडू द्यायचं नाही, डॉक्टर. काय लागेल ते करा. हिला मी कुठे पाठवणार नाही.”

आजींनी रुमालाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

“आजींच्या मेंदूचं चित्र काढू,” डॉक्टर म्हणाल्या. “फक्त तुलनेला घरातल्याच एका धडधाकट माणसाचं चित्र मिळालं, तर सोपं जाईल.”

“मग माझं काढा की.”

आजी किंचित हसल्या. आजोबांनी स्वतःसाठी कधी दवाखान्याची पायरी चढली नव्हती. खांबावरून पडले तेव्हाही हात झोळीत घालून कामावर गेले होते. थोरल्या भावाला शेवटी घरची माणसं ओळखू येईनात, तेव्हा तर असल्या दुखण्याचं नावही घरात काढायचं नाही, अशी त्यांनी ताकीद दिली होती. पण आजींना इथे यायचं म्हटल्यावर निमूटपणे त्यांनी चपला पायात सरकवल्या होत्या.

“त्या यंत्राच्या नळकांड्यात घोरू नका म्हणजे झालं,” आजी म्हणाल्या. “चित्र हलतं म्हणे.”

“बघा डॉक्टर. बाकी सगळं विसरेल, टोमणे नाही विसरायची.”

काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं, “उद्या गुरुवार, आपल्याला सुट्टी. दोघांनी परवा या, उपाशी नाही यायचं.”

“परवा. लक्षात ठेव,” आजोबांनी आजींना बजावलं.

चित्रं निघाली. निकालाच्या दिवशी आजोबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. जिन्यातून वर आल्यावर “चल, वाट पाठ आहे मला,” म्हणत ते आजींना थेट कपडे धुण्याच्या खोलीपाशी घेऊन गेले. आत मोठमोठी यंत्रं घरघरत होती.

“तू बोलण्यात गुंतवतेस आणि मग असं होतं.”

“हो ना. चला, मागे वळू.”

डॉक्टरांनी या वेळी आजींना एकट्यांनाच आत बोलावलं. आजोबा दारात अडून राहिले. “वाईट काही असेल तर मला सांगा. ती हाय खाईल.”

“मी कसली हाय खातेय? बसा जरा बाहेर,” आजी म्हणाल्या.

दाराच्या काचेतून ते दिसत होते. जाणाऱ्या परिचारिकेला थांबवून त्यांनी कागदी पेल्यात पाणी मागून घेतलं आणि तो पेला दोन्ही हातांत धरून ते बसून राहिले. बायको बाहेर आली की द्यायला.

डॉक्टरांनी पडदा आजींकडे फिरवला. दोन चित्रं शेजारी शेजारी होती. एकात बारीक रेषांचं जाळं सगळीकडे सारखं पसरलेलं. दुसऱ्यात एका जागी झगझगीत गुंता आणि त्याच्या भोवतीच्या रेषा विरळ, मध्येच तुटलेल्या. आयुष्यभर एक्सचेंजमधल्या दिव्यांच्या फळ्यावर नजर ठेवलेल्या आजींना फार समजावून सांगावं लागलं नाही.

“बाकीच्या तपासण्याही हेच सांगतात,” डॉक्टर म्हणाल्या.

“सुरुवात आहे ना पण?”

“अगदी सुरुवात. औषधं आहेत, घरात राहून पुष्कळ काही करता येईल. लेकीशीही मी बोलेन.”

आजींनी मान हलवली. डोळे पुसले नाहीत, बाहेरून दिसलं असतं.

“आजी,” डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाल्या, “तुम्ही वेळेवर आणलंत आजोबांना.”