रविवारची नाव

"सोडा पाणी," मुलगा नावेखाली पाठीवर आडवा होत म्हणाला, आणि बाबांनी नळ सोडला.

अंगणात लाकडी घोड्यांवर ठेवलेल्या ॲल्युमिनियमच्या छोट्या नावेत पाणी चढू लागलं. गळती शोधायची ही उलटी रीत बाबांचीच. नाव पाण्यात सोडायची नाही, पाणीच नावेत सोडायचं आणि तळाला कुठे थेंब फुटतो ते खालून बघायचं. बसच्या बॉड्या बांधण्यात त्यांची हयात गेली होती. पत्र्याच्या बाबतीत त्यांना कुणी काही शिकवू नये.

"दोन आहेत," खालून आवाज आला. "डावीकडे, शेजारी शेजारी."

"दोन? नीट बघ."

"नीटच बघतोय. दोन रिव्हेट गळतायत."

बाबा जरा चक्रावले, कारण ढिला त्यांनी एकच केला होता.

मुलाने बाबांच्या वर्कशॉपवर पाणी सोडून दूरच्या शहरातली नोकरी धरली, तेव्हा बापलेकांत जे वाजलं, त्यानंतर पुन्हा जुळलंच नाही. ख्यालीखुशाली आईमार्फत कळायची. लग्नकार्यात भेट झाली तरी दोघं दोन टोकांना बसायचे. बाबांना पोराची आठवण रोज यायची आणि रोज ते दुसऱ्याच कशावर तरी चिडायचे.

मग त्यांनी ही जुनी नाव आणली. लहानपणी तळ्याकाठी गळ टाकून बसला की पोरगा अशी नाव मागायचा, आणि बाबा ते हसण्यावारी न्यायचे. आता त्यांनी आईला फोनवर सहज म्हणायला लावलं, की यांनी मासे धरायला नाव करायला घेतलीय, पण मोटर आणि बॅटरीचं यांच्या डोक्यात शिरत नाही. मुलगा त्याच रविवारी हजर झाला.

वायरिंग झालं. आतल्या आडव्या फळ्या निघाल्या आणि उचलून काढता येईल अशी प्लायवुडची जमीन तयार झाली. फिरती खुर्ची आली, गळाच्या काठ्या उभ्या ठेवायला नळ्या आल्या, मासे जिवंत ठेवायला टाकी आली. करण्यासारखं काही उरेना. नाव तळ्यात गेली की पोरगा कशाला येईल?

म्हणून एका शनिवारी दुपारी, आईचा डोळा लागल्यावर, त्यांनी पंच आणि हातोडीने एक रिव्हेट हलकेच ढिला केला. तेव्हापासून दर शनिवारी त्यांचं हेच चाललं होतं. या वयात हे धंदे, असं मनाशी म्हणत ते हातोडी पुसून जागेवर ठेवायचे.

रिव्हेट एकट्याने बसत नाही. एकाने बाहेरून ठोकायचं, दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. समोरासमोर बसून जे जमत नव्हतं, ते पत्र्याआडून जमायला लागलं होतं.

"धरलंस?"

"धरलंय."

बाबांनी दोन ठोके घातले. "आमची नात काय म्हणते?"

"आजोबा नावेत कधी बसवणार, म्हणून डोकं खाते."

"बसवू की. आधी नाव तर तरंगू दे."

मग वरून सीलंट. ते पक्कं वाळेपर्यंत पाणी लावायचं नाही, त्यामुळे परीक्षा थेट पुढच्या रविवारी. दोन रिव्हेट का गळले याचाही बाबांनी मनाशी उलगडा केला. एकाला हादरा बसला की शेजारचाही हलतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. हात बेताने चालवायला हवा, एवढंच.

"तुम्ही व्हा पुढे जेवायला," मुलगा म्हणाला. "मी हत्यारं आवरून येतो."

हेही दर रविवारचं. शाळेत असताना चपला कधी जागेवर न काढणारा हा मुलगा! बाबांना मनातून कौतुक वाटायचं.

मुलगा रात्रीची बस धरायला गेल्यावर आईने विषय काढलाच.

"पोराचे डोळे बघितलेत? येताना रात्रीची बस, जाताना रात्रीची बस. आणि तुमची नाव म्हणजे चाळणी."

"पत्रा जुना आहे."

"पत्रा जुना असेल, मी काही कालची नाही. सोडा आता त्याला. त्याचंही घर आहे."

आठवडाभर बाबांचं कशात लक्ष लागलं नाही. शनिवारी दुपारी आई झोपली तेव्हा ते अंगणाकडे फिरकलेच नाहीत. पेपर उघडून बसले आणि एकच बातमी पुन्हा पुन्हा वाचत राहिले. पोरगा यावा असं वाटणं वेगळं, त्याला फसवून बोलावणं वेगळं. उद्या तळ कोरडा निघेल, नाव तळ्यात जाईल, आणि पुढच्या रविवारी अंगणात कुणी नसेल. हे सोसायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

रविवारी मुलगा नेहमीसारखा नावेखाली सरकू लागला, तसं बाबांनी त्याला थांबवलं.

"आज मी बघतो. तू पाणी सोड."

"तुमची पाठ धरेल."

"धरू दे."

ते कण्हत खाली आडवे झाले. वर पाणी चढत गेलं. डावी बाजू कोरडी होती. मधली शिवणही कोरडी. शेवट स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता, तो बघून झाला.

"कोरडी आहे," ते म्हणाले. "झाली तुझी नाव. सुटलास एकदाचा."

नळ बंद झाल्याचा आवाज आला. मग पत्र्यापलीकडून मुलगा दबक्या आवाजात म्हणाला, "उजवीकडे, टाकीच्या खाली बघा ना, बाबा. तिथला एक गळायला हवा."