सतरा नंबरची चिठ्ठी

लढाई सुरू झाल्यापासून मी आणि धाकटी जाऊ एकाच कारखान्यात जवानांचे कोट शिवायचो. तिच्या नवऱ्याचं आठवड्याला पत्र, माझ्याचं चार महिन्यांत एकही नाही. मुकादमबाई उठता-बसता तिच्याच टाक्यांचं कौतुक करायच्या. प्रत्येक कोटाच्या खिशात शिवणारीच्या नंबराची चिठ्ठी जायची. खोट निघाली, तर बोलणी तिलाच. एकदा माझ्याकडून डावी बाही बोटभर लांब झाली. उसवायचं सोडून मी खिशात जावेची सतरा नंबरची चिठ्ठी सरकवली. महिन्याभराने आघाडीवरून सतरा नंबरला पत्र आलं. मुकादमबाईंनी सगळ्यांसमोर वाचलं, “डावी बाही लांब ठेवलीत, गारठलेली बोटं आत घेता येतात. उपकार झाले.” टाळ्या वाजल्या. माझा जळफळाट झाला. जाऊ उठून आली, पत्र पुढे करून म्हणाली, “ताई, हे तुमचं. तुमचीच डावी बाही लांब होते.” इतक्या हळू, की भांडताही येईना.