माझ्याच सहीचा अभिप्राय

"नवे कॉम्प्युटर घ्यायचे, का जुन्यातच रॅम टाकून भागवायचं?" मुरुमच्या आमच्या पतसंस्थेचे सचिव महारुद्रअण्णा म्हणाले, "सोनालीताई, ऑपरेटर तुम्ही. तुम्हीच लिहून द्या." बारा वर्षं मी त्या तीन डबड्यांपुढं बसले होते. एक चालू व्हायचा तोवर माझा चहा पिऊन व्हायचा. मी रागानंच लिहिलं, "यांच्यात आता जीव राहिलेला नाही. डागडुजी नको, बदलाच." खाली ठसक्यात सही केली. नवे कॉम्प्युटर आले ते नेमके खंडेनवमीला. दरवर्षीसारखं पूजेचं ताट माझ्याच हातात होतं. नव्यांना हळदकुंकू लावलं, झेंडूचे हार घातले आणि वळले, तर कॉम्प्युटरच्या कंपनीनं पाठवलेली हर्षाली नावाची मुलगी माझ्या खुर्चीत बसलेली. अण्णा म्हणाले, "नवी सिस्टीम हिला येती. सोमवारपासून हीच बघंल." मी म्हटलं, "अण्णा, मला शिकवा की. चार दिवसांत शिकते." त्यांनी माझाच कागद पुढं सरकवला. "मीटिंगमध्ये हाच वाचला, ताई. समदे म्हणाले, बदलायचंच तर पुरतं बदला." कुंकवाचं बोट तसंच धरून मी उभी राहिले. दाराशी शिपाई नबीलालभाई जुने कॉम्प्युटर भंगारात न्यायला उचलत होते. अण्णा जागेवरूनच ओरडले, "नबीलाल, ठेव ते खाली! माझ्या पुतण्याच्या दुकानात न्यायचेत. रॅम टाकली की अजून पाच वर्षं काय होत न्हाय त्यांना."